अंगठी आली कुठून?

इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यात ‘द व्हाइन’ नावाचं एक जुनं, ऐसपैस घर आहे. तिथे काचेआड एक सोन्याची अंगठी ठेवलेली आहे. रोमन काळातली आणि चांगलीच मोठी. हातमोज्यावरून घालत असावेत असं वाटण्याइतकी. १७८५ साली सिल्चेस्टरजवळच्या एका शेतात ती सापडली. तिच्यावर सेनिशियानस नावाच्या कुणा माणसासाठी देवाच्या नावाने दिलेला आशीर्वाद कोरला आहे. पुढे दूर पश्चिमेला, सेव्हर्न नदीजवळच्या लिडनी इथे, नोडेन्स या देवाच्या पडक्या देवळाच्या जागी शिशाचा एक पत्रा मिळाला. त्यावर सिल्व्हियानस नावाच्या माणसाचं गाऱ्हाणं खरडलेलं होतं. त्याची अंगठी हरवली होती. तिच्या निम्म्या किमतीचा नवस तो देवाला बोलला होता, आणि अंगठी देवळात परत येईपर्यंत सेनिशियानस नावाच्या कुणालाही आरोग्य लाभू नये असा शापही त्याने देऊन ठेवला होता. देवापुढे गाऱ्हाणं घालणाऱ्या आपल्या कोकणी माणसाला यात परकं असं काहीच वाटणार नाही.

या लिडनीला १९२८-२९ मध्ये मॉर्टिमर आणि टेसा व्हीलर या दांपत्याने उत्खनन केलं. हाच व्हीलर पुढे १९४४ ते १९४८ या काळात आपल्या पुरातत्त्व खात्याचा महासंचालक होता आणि हडप्पाच्या उत्खननाशी त्याचं नाव जोडलेलं आहे. लिडनीचा अहवाल १९३२ साली छापला गेला. त्याला नोडेन्स या नावाच्या व्युत्पत्तीवर एक टिपण जोडलेलं होतं. ते लिहिणारा ऑक्सफर्डचा प्राध्यापक म्हणजे जॉन रोनल्ड रूएल टॉल्किन. पाचच वर्षांनी त्याचं ‘द हॉबिट’ हे मुलांचं पुस्तक आलं आणि त्यात एक अंगठी होती. १९५४-५५ मध्ये ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ आली, तीत तर अंगठीशिवाय दुसरं काही नव्हतंच म्हणा ना. सोन्याची अंगठी, चोरी, शाप, एका मालकाकडून दुसऱ्याकडे. दोन आणि दोन चार. २०१३ साली व्हाइनमध्ये या अंगठीसाठी खास प्रदर्शन मांडलं गेलं. टॉल्किनची अंगठी ती हीच, असं मानणारे पुष्कळ आहेत.

गोष्ट छान जुळते. अडचण एवढीच, की टॉल्किनचं टिपण देवाच्या नावाबद्दल आहे, अंगठीबद्दल नाही. आणि त्याहून मोठी अडचण अशी, की त्याची अंगठी आली कुठून हे खुद्द टॉल्किनलाच ती सापडल्यानंतर कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं. वाचक आज जे प्रश्न विचारतात तेच तो आपल्या कच्च्या खर्ड्याच्या समासात स्वतःला विचारत होता. जादूच्या वस्तूंचे उगम शोधण्याचा हा जो छंद जगभरच्या वाचकांना लागला आहे, त्यातला पहिला छंदिष्ट खुद्द लेखकच होता. त्याचं आयुष्य मला या एका धाग्याने सांगावंसं वाटतं.

टॉल्किनचा जन्म ३ जानेवारी १८९२ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोमफाँटेनचा. वडील आर्थर हे बँक ऑफ आफ्रिकेच्या तिथल्या शाखेचे व्यवस्थापक. आधी बर्मिंगहॅमला लॉइड्स बँकेत होते. बढतीची आशा दिसेना म्हणून समुद्र ओलांडून गेले. माझी उमेदीची सगळी वर्षं बँकेच्या नोकरीत, बदलीच्या गावांमध्ये गेली, त्यामुळे हा अनोळखी व्यवस्थापक मला उगीचच जवळचा वाटतो. घर बँकेच्याच इमारतीत. हवा मुलाला मानवेना, म्हणून १८९५ मध्ये आई मेबल दोन्ही मुलांना घेऊन इंग्लंडला माहेरी आली. वडील मागाहून येणार होते. १४ फेब्रुवारी १८९६ रोजी चार वर्षांच्या जॉनने दाईकडून वडिलांना एक पत्र लिहून घेतलं. ते टपालात पडलंच नाही. आजारपणाची तार येऊन धडकली, आणि दुसऱ्याच दिवशी आर्थर टॉल्किन गेले.

ब्लोमफाँटेनला असताना या मुलाला एक मोठा कोळी चावला होता. त्याच्या पुस्तकांमध्ये अक्राळविक्राळ कोळी पुन्हा पुन्हा येतात, तेव्हा उगमशोधकांनी ही घटना पकडली नसती तरच नवल. टॉल्किनचं म्हणणं, की त्याला त्यातलं काही आठवत नाही आणि कोळ्यांवर त्याचा मुळीच राग नाही. पण लेखक नाही म्हणाला म्हणून वाचक थोडाच ऐकतो?

आईने मुलांना बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात ठेवलं. तिथे पाण्यावर चालणारी गिरणी होती, झाडं होती. लॅटिनचे पहिले धडे आईनेच दिले. अँड्र्यू लँगच्या परीकथांच्या लाल पुस्तकात सिगुर्डने मारलेल्या फाफनिर या ड्रॅगनची नॉर्स गोष्ट होती. ती या मुलाच्या मनात घर करून बसली. त्या जुन्या नॉर्स कथेतही एक शापित अंगठी आहे, हे इथे नोंदवून ठेवतो. १९०० साली मेबल कॅथलिक झाली आणि तिच्या प्रॉटेस्टंट नातेवाइकांनी हात आखडता घेतला. १९०४ च्या नोव्हेंबरात मधुमेहाने ती गेली, चौतिसाव्या वर्षी. इन्सुलिनचा शोध लागायला अजून सतरा वर्षं होती. मुलांचं पालकत्व तिने फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूंकडे सोपवलं होतं.

सोळाव्या वर्षी टॉल्किन एडिथ ब्रॅट या मुलीच्या प्रेमात पडला. तीही पोरकी, त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी, त्याच बिऱ्हाडात राहणारी. फादर फ्रान्सिसनी एकविसाव्या वर्षापर्यंत भेटायची, लिहायची बंदी घातली. त्याने ती पाळली. १९१३ च्या ३ जानेवारीला, एकविसावं लागलं त्याच दिवशी, त्याने तिला पत्र लिहिलं. तिचं दुसरीकडे ठरलं होतं. ते तिने मोडलं. २२ मार्च १९१६ ला लग्न झालं, आणि जूनमध्ये तो फ्रान्सला आघाडीवर गेला.

शाळेत असताना त्याचं चार मित्रांचं एक टोळकं होतं. शाळेच्या ग्रंथालयात चोरून चहा करायचा आणि जगाला आपण काय देणार आहोत यावर वाद घालायचा, हा त्यांचा उद्योग. या चौघांपैकी रॉबर्ट गिल्सन १ जुलै १९१६ ला, सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी मारला गेला. जेफ्री स्मिथ ३ डिसेंबरला जखमांनी गेला. टॉल्किन लँकेशायर फ्युझिलिअर्समध्ये संदेशवहनाचा अधिकारी होता. खंदकातल्या उवांमुळे होणाऱ्या तापाने त्याला गाठलं आणि नोव्हेंबरात मायदेशी इस्पितळात आणून टाकलं. त्या उवांनी जगाच्या वाङ्मयावर केवढे उपकार केले याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. आजारपणातच त्याने आपल्या काल्पनिक जगाची पहिली मोठी कथा लिहायला घेतली. त्या जगासाठी भाषा तो आधीच रचत होता, व्याकरणासकट.

पुढची वाट प्राध्यापकाची. सुरुवातीला वर्ष-दीड वर्ष ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात नोकरी केली, मग लीड्सला शिकवलं, आणि १९२५ पासून ऑक्सफर्डला तो जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक झाला. शब्दाचं मूळ शोधणं हा त्याचा पेशाच होता. एखादा शब्द मध्येच कुठेतरी एकटा सापडतो, त्याचे आईबाप हरवलेले असतात, आणि आजूबाजूच्या भाषांमधून पुरावे गोळा करत ते शोधून काढायचे असतात. हे कसब पुढे अंगठीच्या कामी आलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो शाळांच्या परीक्षांचे पेपर तपासायचा. घरात चार मुलं, पगार पुरायचा नाही. अशाच एका उन्हाळ्यात, १९३० च्या आसपास, एका मुलाने उत्तरपत्रिकेतलं एक पान कोरं सोडलेलं त्याला दिसलं. त्यावर त्याने हॉबिट नावाच्या कुणाबद्दलचं एक वाक्य लिहून टाकलं. हॉबिट म्हणजे काय हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं. ते शोधता शोधता पुस्तक झालं. अॅलन अँड अनविनने ते आधी मालकांच्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनर अनविनला वाचायला दिलं. एक शिलिंग मेहनताना घेऊन त्याने अनुकूल अभिप्राय दिला, आणि २१ सप्टेंबर १९३७ ला पुस्तक बाजारात आलं.

या पुस्तकाच्या पाचव्या प्रकरणात अंगठी येते. डोंगराच्या पोटातल्या अंधाऱ्या भुयारात चाचपडताना बिल्बो या हॉबिटच्या हाताला ती लागते. ती घातली की माणूस दिसेनासा होतो. बस्स. परीकथेत असायची तशी एक सोयीची वस्तू. तिला नाव नाही, शाप नाही, इतिहास नाही. तळघरातल्या पाण्याकाठी राहणारा गॉलम हा प्राणी तिचा मालक. बिल्बो आणि तो कोड्यांची पैज लावतात. पहिल्या आवृत्तीत गॉलमने पैजेत बिल्बोला एक भेट देऊ केली होती, ती ही अंगठीच. गॉलम हरतो, अंगठी आणायला जातो, ती सापडत नाही तेव्हा ओशाळून माफी मागतो आणि त्याबदली बाहेरची वाट दाखवतो. दोघं सभ्यपणे निरोप घेतात.

पुस्तक खपलं. प्रकाशकाने पुढचा भाग मागितला, आणि १९३७ च्या डिसेंबरात टॉल्किनने पहिलं प्रकरण लिहायला घेतलं. लिहायचं कशाबद्दल हे माहीत नव्हतं. नायकाचं नाव बिंगो होतं. रस्त्यात एक घोडेस्वार येतो आणि हॉबिट लपतात. पहिल्या मसुद्यात तो त्यांचा ओळखीचा जादूगार गँडाल्फ निघणार होता. लिहिता लिहिता तो काळ्या वस्त्रातला स्वार झाला आणि तो कोण हे लेखकाला कळेना. हे मसुदे त्याचा मुलगा क्रिस्टोफर याने १९८८ पासून संपादून छापले, म्हणून आपल्याला दिसतात. त्या सुरुवातीच्या कागदांत अंगठीविषयी एक टाचण आहे. ती आली कुठून, असं त्याने स्वतःलाच विचारलं आहे आणि उत्तरादाखल, प्रश्नचिन्ह घालूनच, नेक्रोमॅन्सरचं नाव टाकलं आहे. त्या टाचणानुसार चांगल्या कामासाठी वापरली तर ती फारशी घातक नाही, पण आपली किंमत ती वसूल करतेच.

हा नेक्रोमॅन्सर म्हणजे ‘हॉबिट’मध्ये पडद्याआड राहिलेलं पात्र. गँडाल्फला कथेतून काही काळ बाहेर काढायचं होतं, म्हणून याचं निमित्त करून त्याला दूर पाठवलं होतं. म्हणजे पहिल्या पुस्तकात दोन धागे सुटे राहिले होते. एक विनाइतिहासाची अंगठी आणि एक विनाचेहऱ्याचा दुष्ट. टॉल्किनने ते दोन धागे एकमेकांना बांधले आणि सॉरॉन व त्याची सत्तेची अंगठी जन्माला आली. सॉरॉनने आपलं बरंचसं सामर्थ्य तिच्यात ओतलं, त्यामुळे ती जिवंत राहील तोवर तो राहणार आणि जो कोणी ती बाळगेल त्याचा ती घास घेणार. चाळिशी ओलांडलेला हा प्राध्यापक स्वतःच्याच पुस्तकाचा काळजीपूर्वक वाचक झाला होता आणि त्यातल्या बारीक खुणांवरून त्याने ही उपपत्ती मांडली होती. आजचे वाचक जे करतात ते याहून वेगळं काय असतं?

पण हा उगम पक्का झाला आणि जुनं पाचवं प्रकरण खोटं पडलं. ज्या अंगठीपायी माणूस खून करील, ती गॉलम पैजेत देऊ कशी करील? १९४७ मध्ये टॉल्किनने ते प्रकरण नव्याने लिहून नमुना म्हणून प्रकाशकाकडे पाठवलं. नव्या रूपात गॉलम पैज हरल्यावर वाट दाखवायचं कबूल करतो, मनात मात्र अंगठी घालून बिल्बोला ठार मारायचा बेत आखतो, आणि ती गेल्याचं कळताच बिल्बोला चोर ठरवून जन्माचं वैर धरतो. प्रकाशकाने पुढे काही कळवलं नाही. १९५१ च्या आवृत्तीची मुद्रितं आली तेव्हा लेखकाला कळलं, की नवं प्रकरण थेट छापलं गेलं आहे.

आता एकाच घटनेच्या दोन हकिकती जगात फिरू लागल्या. बँकेत आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवत, की खतावणीत खोडाखोड करायची नाही. चुकलेली नोंद आहे तशी दिसली पाहिजे. तिच्यासमोर उलट नोंद करायची आणि कारण लिहायचं. टॉल्किनने नेमकं हेच केलं. जुनी हकिकत त्याने पुसली नाही. ती बिल्बोने सांगितलेली थाप होती, असं त्याने ठरवलं. अंगठी आपल्याला बक्षीस मिळाली असं बिल्बोने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं होतं. खरी हकिकत गँडाल्फने त्याच्याकडून मागाहून काढून घेतली. एरवी सरळ असलेला हा माणूस खोटं का बोलला, याचाच गँडाल्फला पहिला संशय येतो. गॉलमचीही तीच तऱ्हा. त्याने भावकीतल्या मित्राचा गळा दाबून अंगठी घेतली होती आणि सांगत मात्र होता, की ती वाढदिवसाची भेट आहे.

महाभारतात दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही ओळख नाकारतो. तिथे अंगठी नाही. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणला, अंगठी आणली आणि राजाचं वागणं सावरून घेतलं. टॉल्किनने उलटं केलं. त्याने आपल्या नायकाला सावरलं नाही, त्याच्या माथी एक लबाडी मारली. आणि त्या एका लबाडीने सबंध कादंबरीला तिचा विषय मिळाला. कर्जासाठी तारण घेताना मालकीचे कागद तपासावे लागतात. माझा वर्षानुवर्षांचा अनुभव असा, की ज्याचा हक्क सरळ असतो तो दोन कागद पुढे करतो आणि गप्प बसतो. ज्याचा हक्क कच्चा, त्याच्याजवळ जमीन घरात कशी आली याची मोठी रसाळ गोष्ट तयार असते. उगमाची कथा हा पुष्कळदा मालकीचा दावा असतो. बिल्बो आणि गॉलम दोघंही वस्तूवर हक्क सांगण्यासाठी तिचा उगम रचतात. अंगठीच्या विषाचं हे पहिलं लक्षण आहे.

कादंबरी पुरी व्हायला १९४९ साल उजाडलं. मध्ये महायुद्ध होऊन गेलं. क्रिस्टोफर विमानदलाच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत होता, म्हणजे बापाच्या जन्मभूमीत. त्याला प्रकरणं टपालाने जात होती. अखेर १९५४-५५ मध्ये तीन खंड निघाले, आणि उगमाच्या तर्कांना ऊत आला.

अभ्यासकांनी प्लेटोच्या ग्रंथातली, घालणाऱ्याला अदृश्य करणारी आणि त्याच्या सचोटीची परीक्षा पाहणारी गायजीसची अंगठी काढली. टॉल्किन ऑक्सफर्डला आधी ग्रीक-लॅटिन शिकायला गेला होता, तेव्हा ती त्याला माहीत असणारच. स्वीडिश अनुवादकाने प्रस्तावनेत वाग्नरचं नाव घेतलं. १८७६ मध्ये बायरॉइटला प्रथम सलग सादर झालेल्या वाग्नरच्या चार संगीतिकांतही एक शापित अंगठी जगाची सत्ता देते. टॉल्किन भडकला. दोन्ही अंगठ्या गोल आहेत, साम्य तेवढंच, असं त्याने प्रकाशकाला कळवून टाकलं. इथे मात्र मला तो थोडा घाईत वाटतो. दोघांनीही जुन्या नॉर्स कथांतून घेतलं हे खरं. पण त्या कथांतली अंगठी धन देते, नाश ओढवते. जगावर राज्य करायची ताकद तिच्यात नाही. ती कल्पना वाग्नरकडे आधी दिसते.

सर्वांत चिवट तर्क अणुबाँबचा. वापरली तर वापरणाऱ्यालाच भ्रष्ट करील, शत्रूच्या हाती पडली तर सर्वनाश, आणि नष्ट करणं हाच एक उपाय. १९५४ च्या वाचकाला दुसरं काय आठवणार? बाँबचा टॉल्किनला तिटकारा होता. हिरोशिमानंतर तीनच दिवसांनी मुलाला लिहिलेल्या पत्रात त्याने तो ओकून टाकला आहे. पण अंगठीचं स्वरूप ठरलं ते १९३८ मध्ये, महायुद्धाच्याही आधी. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत, साठच्या दशकात, त्याने याचा हिशेब चुकता केला. खरं युद्ध डोळ्यापुढे ठेवून लिहिलं असतं तर चांगल्या पक्षाने अंगठी नष्ट केली नसती, ताब्यात घेऊन शत्रूवर वापरली असती, असा त्याचा युक्तिवाद होता. आणि लोक दुसऱ्या युद्धाबद्दल विचारतात, पण तरुणपणी पहिल्यात सापडणं काय होतं हे विसरतात, याची आठवणही तिथे आहे. १९१८ पर्यंत त्याच्या जिवलग मित्रांपैकी एकच उरला होता.

मग अंगठी सोमच्या चिखलातून आली का? हा तर्क मलाही मोह घालतो. फ्रोडो अंगठी घेऊन ज्या दलदलीतून जातो तिच्या पाण्याखाली मेलेल्यांचे चेहरे दिसतात. उत्तर फ्रान्सच्या रणभूमीचं काही ऋण त्या दृश्यावर असेल, हे टॉल्किनने स्वतः मान्य केलं होतं. आणि काम फत्ते करून घरी आलेला फ्रोडो पुन्हा कधी धड होत नाही, हे एखाद्या परतलेल्या सैनिकाशिवाय कोण लिहील? पण दलदल म्हणजे अंगठी नव्हे. अंगठी हे युद्धाचं चित्र आहे असं म्हटलं, की ज्याने युद्ध पाहिलं नाही त्याच्या हातून ती निसटते.

टॉल्किनची याबाबतची भूमिका नीट समजून घ्यायला हवी. तो उगमशोधाच्या विरोधात नव्हता. त्याचा आक्षेप रूपकाला होता. रूपकात लेखक अर्थ ठरवून वाचकावर लादतो. त्याऐवजी गोष्ट ज्याला जशी लागू पडेल तशी पडू द्यावी, ते स्वातंत्र्य वाचकाचं, असं तो मानत असे. दुसऱ्याची इच्छा आपल्या ताब्यात घेणं हे अंगठीचं काम आहे. अंगठीची गोष्ट लिहिणाऱ्याने वाचकाशी तसं वागू नये, एवढं तारतम्य त्याच्याजवळ होतं. माझ्या एका कादंबरीत आजीचा पितळी अडकित्ता आहे. तो कशाचं प्रतीक आहे हे सांगणारी पत्रं मला अजून येतात. पूर्वी मी उत्तरात खुलासे करत असे. आता आभार मानतो आणि त्यांचा अडकित्ता त्यांच्याकडे राहू देतो.

वाचकांचे काही तर्क कथेच्या आतले असतात, आणि मला ते जास्त आवडतात. ‘हॉबिट’मध्ये डोंगराच्या गाभ्यात बुटक्यांना सापडलेलं आर्केनस्टोन नावाचं तेजस्वी रत्न आहे. टॉल्किनच्या मृत्यूनंतर १९७७ मध्ये ‘सिल्मारिलियन’ आलं. त्यात सिल्मारिल नावाची तीन दिव्य रत्नं आहेत, आणि त्यांतलं एक शेवटी पृथ्वीच्या पोटातल्या आगीत पडतं. वाचकांनी लगेच दुवा जोडला, की ते पडलेलं रत्न म्हणजेच आर्केनस्टोन. पुरावाही भक्कम काढला. जुन्या इंग्रजीतल्या ज्या शब्दावरून आर्केनस्टोन हे नाव घडलं, तोच शब्द टॉल्किनने आपल्या कागदांत सिल्मारिलसाठी वापरला आहे. विरुद्ध बाजूचे म्हणतात, की आर्केनस्टोनला बुटक्यांनी पैलू पाडले होते आणि सिल्मारिल तर कशानेच भंगत नाही. वाद मिटलेला नाही. मिटवणारा हयात नाही, आणि असता तरी त्याने मिटवला असता याची खात्री नाही. वाचकांच्या शंकांना तो पानंच्या पानं उत्तरं लिहायचा, एखाद्या खऱ्या देशाच्या दप्तरात शोध घेतल्यासारखी. एका कॅथलिक वाचकाच्या तात्त्विक आक्षेपांना त्याने असंच लांबलचक उत्तर लिहिलं आणि आपण स्वतःला फारच महत्त्व देतो आहोत असं वाटून पाठवलं नाही. टॉम बाँबॅडिल कोण, ज्याच्यावर अंगठीचा काडीइतकाही परिणाम होत नाही, हे मात्र त्याने मुद्दामच कोडं ठेवलं. घरात हा टॉम म्हणजे मुलाची एक लाकडी बाहुली होती.

१९६५ मध्ये अमेरिकेत एका प्रकाशनाने परवानगीशिवाय स्वस्त आवृत्ती काढली, भांडण गाजलं, आणि विद्यापीठांतली पोरं या म्हाताऱ्या प्राध्यापकाच्या मागे लागली. ऑक्सफर्डला मध्यरात्री अमेरिकेतून फोन येत. १९६८ मध्ये तो आणि एडिथ बोर्नमथला समुद्राकाठी राहायला गेले. २९ नोव्हेंबर १९७१ ला एडिथ गेली. तो ऑक्सफर्डला परतला. २ सप्टेंबर १९७३ रोजी, बोर्नमथला मित्रांकडे गेला असताना, एक्क्याऐंशीव्या वर्षी त्याचं निधन झालं. ऑक्सफर्डच्या वुल्व्हरकोट दफनभूमीत दोघांचा एकच दगड आहे. त्यावर त्यांच्या नावांखाली लूथियन आणि बेरेन ही त्याच्याच कथेतली नावं आहेत. ती कथा त्याला सुचली ती १९१७ मध्ये, यॉर्कशायरच्या एका राईत एडिथला नाचताना पाहून. या एका उगमाबद्दल त्याने कधी लपवाछपवी केली नाही.

अखेरच्या काळातली एक हकिकत त्याने पत्रात नोंदवून ठेवली आहे. कुणा चाहत्याने त्याला पोलादी पेला भेट पाठवला होता. त्यावर अंगठीवरची ती भीषण अक्षरं मोठ्या कौशल्याने कोरलेली होती, सॉरॉनच्या भाषेतली. पाठवणाऱ्याने अर्थात प्रेमाने पाठवला होता. टॉल्किनने त्या पेल्यातून कधी काही प्यायलं नाही. पाइप ओढताना तो त्यात राख झाडत असे.